राजवाड्यामागचं लाकूड

इंदूरचा राजवाडा सात मजली आहे. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे लाकडाचे. त्याच्यासमोर सकाळपासून फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. माझी लेक मात्र कॅमेरा घेऊन तिथून पुढे, मागच्या बोळांत शिरते. खजुरी बाजार, आडा बाजार, मल्हारगंज, पंढरीनाथ, जुनी इंदूर या भागांत ज्या लाकडी माड्या अजून तग धरून आहेत, त्यांचे फोटो ती काढते. उन्हापावसानं राखाडी पडलेली फळी, खाचेतून अर्धी निसटलेली कडी, खालून झिजलेला उंबरा. माणूस एकाही फोटोत नसतो.

तिचे काका, म्हणजे माझे थोरले दीर, स्थापत्य अभियंता. नोकरीची बरीच वर्षं इमारती उभ्या करण्यात गेली आणि उरलेली धोकादायक इमारती तपासण्यात. जन्म अशाच एका माडीवरचा. हे फोटो समोर आले की दोघांची जुंपते. मी मध्ये बसून ऐकते. हा वाद मला घरातल्या घरात ठेवावासा वाटला नाही, कारण या शहरातल्या किती तरी मराठी घरांचा तो वाद आहे.

काका : ही फळी बघ. रेषा न् रेषा सुटली आहे. फोटो चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण मला हा आजारी माणसाचा चेहरा वाटतो. आजाऱ्याचा फोटो मोठा करून कुणी भिंतीवर लावतं का?

पुतणी : ती फळी आजारी नाही, काका. राखाडी रंग वरवरचा असतो, हे तुम्हीच मला सांगितलंय.

काका : सांगितलंय, आणि ते खरंच आहे. लाकडाचे तंतू लिग्निननं एकमेकांना धरून असतात. उन्हातले अतिनील किरण ते लिग्निन मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो. वर राहतात फिकट तंतू, त्यांच्यावर बुरशीचे बारीक ठिपके बसतात, आणि सागवानाचा तपकिरी रंग जाऊन हा रुपेरी राखाडी येतो. मऊ भाग आधी झिजतो, टणक मागे राहतो, म्हणून तुझ्या रेषा उठून दिसतात. शंभर वर्षांत झिजून झिजून काही मिलिमीटर. सागवान त्यानं मरत नाही.

पुतणी : मग कशानं मरतं?

काका : तुझा कॅमेरा जिथं पोचत नाही तिथं मरतं. तुळईचं टोक भिंतीत गेलेलं असतं ना, तिथं. वरून कौल सरकलं, गच्चीची नाली तुंबली, की पाणी भिंतीत उतरतं आणि त्या टोकापाशी मुरत राहतं. तिथं ऊन नाही, वारा नाही. बाहेरून तुळई धडधाकट दिसते. टोकाशी पेचकस टोचला तर दांड्यापर्यंत आत जातो. मी हे हातानं करून पाहिलेलं आहे. ज्या लाकडाला ऊन-वारा लागतो ते टिकतं, झाकलेलं सडतं. तू टिकणाऱ्या लाकडाचा फोटो काढतेस आणि लोक तो बघून म्हणतात, अरेरे, किती मोडकळीला आलंय.

इथं ती गप्प झाली. तिच्या फोटोंबद्दल इतकं नेमकं तिला आजवर कुणी बोललं नसावं.

पुतणी : तरी माझं म्हणणं वेगळं आहे. मोडकळीसाठी मी जातच नाही. मागच्या आठवड्यात ज्या घरी गेले, तिथला जिना तुम्ही पाहायला हवा होता. अगदी उभा, आधाराला मधोमध वरून दोर सोडलेला. जिन्यालगतचा खांब वर राखाडी, खरखरीत. पण माणसाचा हात जिथं टेकतो तेवढा वीतभर भाग काळाभोर, गुळगुळीत, तेल पाजल्यासारखा. त्याच्या खाली अजून एक तसाच पट्टा, थोडा फिकट. तो मुलांच्या हातांचा. एकाच खांबावर उन्हाचं काम आणि हातांचं काम, दोन्ही. सिमेंटच्या खांबावर असं काही उमटतं का? तो एक तर रंगवलेला असतो, नाही तर तडकलेला.

काका : तेल पाजल्यासारखा म्हणतेस, ते तेलच आहे. डोक्याला लावलेलं, हाताला लागलेलं. आमच्या घरी आजी त्या खांबाला पाठ टेकून बसायची. तिथंही असाच डाग होता.

पुतणी : मग?

काका : मग काही नाही. तुला तो डाग दिसला, मला त्याच जिन्यावरून आजीला खाली आणताना झालेली तारांबळ आठवते. शेवटच्या आजारपणात. खुर्चीवर बसवलं तर खुर्ची वळेना, पाठुंगळीला घेतलं तर डोकं वर आपटायचं. खाली एकच नळ, एकच संडास, आणि बिऱ्हाडं सहा. ज्यांना तिथं राहायचं नाही त्यांनाच ते घर सुंदर दिसतं, बाळा.

मला वाटतं, या वाक्याला उत्तर नाही. पण इथंच वाद संपवणंही बरोबर नाही. कारण ते सुंदर दिसतं हेही खोटं नाही, आणि जे तिथं राहतात त्यांनाही ते कधी कधी दिसतं.

जुनं, उन्हानं राखाडी पडलेलं लाकूड कॅमेऱ्याला भुलवतं, ते काही आपल्याकडेच नव्हे. अमेरिकेत वायोमिंगमध्ये टीटन पर्वताच्या पायथ्याशी मोल्टन कुटुंबानं बांधलेलं धान्य-जनावरांचं एक लाकडी कोठार आहे. मागं बर्फाची शिखरं, पुढं पिवळं गवत. पहाटेच्या उजेडासाठी तिथं तिपायांची रांग लागते. लेकीनं त्याचाही दाखला दिला.

पुतणी : त्या कोठारानं जगाला जुनं लाकूड बघायला शिकवलं. आता ते राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे, जपलं जातं. फोटो निघाले म्हणूनही जपलं गेलं असेल.

काका : त्यात राहतं कोण?

पुतणी : कुणी नाही.

काका : तेच तर. रिकामं कोठार जपणं सोपं. खजुरी बाजारातल्या माडीत मालक आहे, भाडेकरू आहे, भाडेकरूचा मुलगा आहे, आणि 1961 चा भाडे नियंत्रण कायदा आहे. भाडं इतकं जुनं की मालक एक कौल बदलत नाही. भाडेकरू म्हणतो, घर माझं नाही, मी का खर्च करू. दोघं मिळून घर पडायची वाट बघतात. मालक जागेसाठी, भाडेकरू मोबदल्यासाठी. पाऊस तोंडावर आला की नगर निगमच्या जर्जर घरांच्या नोटिसा निघतात. तुझ्या फोटोतल्या राखाडी रंगामागं हे सगळं आहे. ते फोटोत कुठं दिसतंय?

पुतणी : एका फोटोत सगळं नाही दिसत. पण फोटो नसता तर तुम्ही हे बोललाही नसता.

काका : वकिली करू नकोस.

पुतणी : नाही करत. मला सांगा, आपल्या गुरुजींनी काय केलं? विष्णू चिंचाळकरांनी? वाळकी मुळं, तुटक्या फांद्या, लोकांनी टाकून दिलेल्या वस्तू उचलल्या आणि त्यांत माणसं, पक्षी दाखवले. अख्ख्या इंदूरला त्यांनी टाकाऊ लाकडाकडे बघायला शिकवलं. आम्ही त्याच शाळेतले.

काका : गुरुजींची गोष्ट वेगळी. त्यांनी गळून पडलेलं उचललं. त्या मुळात कुणाचं बिऱ्हाड नव्हतं.

या प्रश्नोत्तरात काकांची बाजू मला वरचढ वाटली. पण पुढं विषय राजवाड्यावर आला आणि ते स्वतःच थोडे मऊ झाले. राजवाड्याला तीनदा आग लागली: 1801 मध्ये शिंद्यांच्या फौजेनं शहर जाळलं तेव्हा, मग 1908 मध्ये, आणि 1984 च्या दंगलीत. शेवटच्या आगीत मागचा भाग गेला, समोरचा दर्शनी भाग वाचला. मागचा भाग पुढं किती तरी वर्षांनी पुन्हा उभारला गेला.

पुतणी : लाकूड म्हटलं की तुम्ही लगेच आगीचं नाव काढता. मग वरचे मजले लाकडाचे का केले त्या लोकांनी? दगड काय कमी होता?

काका : मूर्ख नव्हते ते. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावरचं घर कुरकुरतंच. खाली दगडाचं जोतं, त्यावर दगडी उथळ्यांवर उभे केलेले खांब, वर तुळया, कड्या, पाटणी. वजन कमी. सांधे खिळ्यांचे नाहीत, एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं, वर लाकडी मेख. माती थोडी हलली तर सांधा थोडा हलतो, मोडत नाही. विटेची भिंत त्याच जागी तडकते. आणि आगीचं म्हणशील तर जाड सागवान बाहेरून जळतं, वर कोळशाचा थर धरतं आणि तो थरच आतल्या लाकडाला वाचवतो. मिनिटाला अर्धा-पाऊण मिलिमीटर, इतक्या सावकाश जळत जातं. पातळ फळ्या, छत, पडदे, कागद भरभर पेटतात. खांब शेवटी.

पुतणी : म्हणजे इतकं शहाणपणाचं बांधकाम आहे, आणि तुम्ही म्हणता पाडा.

काका : पाडा कधी म्हटलं मी? मी म्हटलं, त्याचा नुसता फोटो काढून हळहळू नका.

हे ऐकून मी पहिल्यांदा मध्ये बोलले. हळहळ काही वाईट नसते, असं म्हटलं. रस्ता रुंद करताना घराचा नेमका कुठला भाग जातो? पुढचा. बडा गणपतीपासून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंतचा रस्ता अलीकडे रुंद झाला तेव्हा आम्ही रोज तिथून जात होतो. मागची मोरी, मागचा अंधारा खण शाबूत राहतो. जाते ती ओसरी, तिच्या महिरपी, रस्त्यावर डोकावणारा सज्जा. घरानं ज्यावर सर्वांत जास्त पैसे आणि हौस खर्च केली तोच भाग आधी कापला जातो. उरलेल्या अर्ध्या घराला लोक पत्रा किंवा काच लावतात आणि खाली दुकान काढतात. हळहळ वाटणार नाही तर काय वाटेल?

लेकीला आधार मिळाला. तिनं नगररचनाकार पॅट्रिक गेडीसचं नाव काढलं.

पुतणी : गेडीस इथं आले होते तेव्हा होळकर दरबारासाठी त्यांनी दोन खंडांचा अहवाल लिहिला, 1918 चा. जुना मोहल्ला सरसकट पाडून रुंद रस्ता काढायला त्यांचा विरोधच असायचा. जपून शस्त्रक्रिया करा, म्हणायचे. एखादं पडकं घर काढा, तिथं मोकळी जागा, झाड, विहीर येऊ द्या, बाकीचं राहू द्या. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच शहराला कुणी तरी हे सांगून गेलंय.

काका : तेव्हा मोटारी किती होत्या इंदुरात? आज मल्हारगंजाच्या बोळात रुग्णवाहिका शिरत नाही. गेडीस मला मान्य आहेत, पण त्यांचा अर्धाच भाग तू घेतेस. ते आधी गल्ल्या पायी तुडवायचे. घर न् घर बघायचे, कुठलं टिकेल, कुठलं नाही, हे नकाशावर नोंदवायचे. मगच बोलायचे. हळहळायला त्यांना वेळ नव्हता, मोजायला होता.

गेडीसांची एक गोष्ट मला या दोघांपेक्षा जास्त आवडते. शहरात प्लेगची भीती होती, लोक घरं साफ करायला तयार नव्हते. गेडीसांनी दिवाळीत मिरवणूक काढायचं ठरवलं. तिच्यात प्लेगच्या उंदराची मोठी प्रतिकृती होती. आणि मिरवणूक कुठल्या भागातून जाणार हे तिथल्या साफसफाईवरून ठरणार होतं. लोकांनी घरं झाडली, डागडुजी केली, रंगवली. नोटिशीनं जे झालं नसतं ते मिरवणुकीनं झालं. आपलं घर बघायला कुणी तरी येणार आहे, एवढं कळलं तरी माणूस तुटलेली फळी बदलतो. कॅमेऱ्यात ही ताकद असू शकते, असं मला मनापासून वाटतं. मी ते दोघांनाही सांगितलं. काकांनी मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही.

खरी कलाटणी मिळाली ती दीनदयाळांमुळे. लाला दीनदयाळ हे नाव फोटोच्या जगात सगळ्यांना ठाऊक आहे: निजामाचे दरबारी छायाचित्रकार, पुढं राजा हा किताब. पण त्यांची सुरुवात इंदूरची आहे, हे इंदुरातही फार जणांना आठवत नाही. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात शिकून ते 1866 मध्ये इथं सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले. हुद्दा, मुख्य एस्टिमेटर आणि आरेखक. फोटोग्राफी त्यांनी नोकरी सांभाळून शिकली, दुसरे तुकोजीराव होळकर यांनी उत्तेजन दिलं आणि इंदुरात त्यांचा पहिला स्टुडिओ झाला. मग सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य भारतातल्या जुन्या वास्तू त्यांनी टिपल्या. ते पुस्तक 1886 मध्ये निघालं.

पुतणी : बघा, जुन्या पडक्या वास्तूंचा फोटो काढायची परंपरा या शहराची आहे.

काका : आणि ती कुणी सुरू केली? आरेखकानं. आधी जो खांबाची उंची, कमानीचा गाळा, भिंतीची जाडी कागदावर काढत होता, त्यानं. त्याचे फोटो बघ, उभ्या रेषा उभ्याच. तुझ्या फोटोत घर मागं झुकलेलं, कारण तू खालून कॅमेरा वर करतेस.

पुतणी : बोळ सहा फुटांचा आहे, काका. मागं सरायला जागाच नाही.

काका : समोरच्याच्या सज्जात जा. विचार त्याला, चहा पाजेल वर. दुसरं, त्या काळी वास्तूच्या फोटोत प्रमाण कळावं म्हणून माणूस उभा करायचे. तुझ्या फोटोत माणूस नाही. तो खांब सहा इंची आहे की बारा इंची, मला कसं कळावं?

यानंतर ते उठले आणि कपाटातून एक गुंडाळी घेऊन आले. आमचं जुनं घर पाडायच्या आधी त्यांनी सगळं मोजून ट्रेसिंग पेपरवर काढून ठेवलं होतं. मला माहीत होतं, लेकीला नव्हतं. प्रत्येक खणाची रुंदी, तुळईचा छेद, सज्जाला खालून आधार देणाऱ्या हस्ताचा आकार, आणि एका कोपऱ्यात तो कुसवाचा सांधा, उलगडून दाखवलेला. पेन्सिलीची रेघ आता फिकी पडली आहे. लेक बराच वेळ त्यावर वाकून होती.

पुतणी : यावरून पुन्हा बांधता येईल?

काका : सांधे बांधता येतील. नक्षी नाही. ती मी नुसती अंदाजानं काढली आहे, केळफुलाच्या पाकळ्या किती हेसुद्धा नीट नाही. रंग नाही, रेषा नाहीत, झीज नाही. फोटो काढायला हवे होते, पण घरात कॅमेरा नव्हता.

पुतणी : म्हणजे तुम्हाला मी हवी होते तेव्हा.

काका : तेव्हा तू नव्हतीस. आता आहेस, म्हणून तर बोलतोय. काम कर. सज्जाला हस्त जिथं मिळतो तो सांधा घे, खालून आणि बाजूनं. तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथला डाग घे. खांबाचा पाय उथळ्यावर बसतो तिथं लोणा चढलेला असतो, तो घे. प्रत्येकात फूटपट्टी ठेव. आणि ऊन नको, ढगाळ दिवस बघ. सावली पडली की माप लपतं.

पुतणी : ऊन नको कसं? बोळात ऊन उतरतंच मुळी थोडा वेळ, दुपारी, तिरपं, भिंतीला घासून. तेवढ्या वेळात लाकडाची एकेक रेषा जिवंत होते. ढगाळ उजेडात सगळं सपाट दिसतं. तो फोटो कुणी बघणार नाही, आणि कुणी बघितलंच नाही तर घर वाचवायला कोण येणार?

काका : सुताराला सपाटच हवा असतो.

पुतणी : सुताराचं मजुरीचं बिल भरणाऱ्याला नको असतो.

या मुद्द्यावर त्यांचं एकमत झालं नाही, आणि होऊ नये असंच मला वाटतं. एकाच सज्जाचे दोन फोटो असावेत. तिरप्या उन्हातला बघून कुणाला तरी त्या घराबद्दल काही वाटावं, आणि ढगाळ उजेडातला हातात घेऊन सुतारानं हस्त घडवावा. नाही तर होतं असं की सज्जा उतरतो, त्याचे खांब मुंबईला ओशिवऱ्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात किंवा एखाद्या हॉटेलात जातात, तिथं पॉलिश मारून उभे राहतात, आणि ते कुठल्या घराचे हे कुणाला सांगता येत नाही. लाकूड वाचतं, घर हरवतं.

माणसं फोटोत का नसतात, हे मी तिला वेगळं विचारलं. आधी म्हणाली, माणूस आला की नजर त्याच्याकडं जाते, लाकूड मागं पडतं. मग म्हणाली, लोकांना त्यांच्या पडक्या घराबरोबर उभं करायला संकोच वाटतो. हे कारण मला जास्त खरं वाटलं. मग तिनंच सांगितलं की त्या जिन्याच्या घरातल्या आजींनी तिला थांबवून आतल्या खोलीत नेलं होतं. कोपऱ्यात तुळईखाली बादली ठेवलेली, वर पाण्याचा पिवळा ओघळ. म्हणाल्या, सगळे बाहेरच्या नक्षीचे फोटो नेतात, याचा काढ आणि मला दे, मालकाला दाखवायचाय.

काका : काढलास?

पुतणी : मोबाइलवर काढला. अंधार होता, नीट आला नाही.

काका : मग उद्या दिवा घेऊन जाऊ. मी पण येतो, टोक टोचून बघतो. आजींना त्या तुळईशेजारीच उभं कर, म्हणजे उंची कळेल. दोन प्रती काढ, एक मालकाला, एक निगमच्या अर्जाला जोडायला. तारीख घाल खाली.

पुतणी : आणि बाहेरच्या खांबाचा, उन्हातला?

काका : दुपारपर्यंत थांबावं लागेल त्याला. थांबू.